एकसष्ट किलो

झुंबरच्या दंडातलं मांस गेलं आहे हे आम्हाला कळलं ते आखाजीच्या दिवशी, चुलीसमोर, वीस माणसांच्या देखत.

आखाजी हा आमच्या खानदेशात लेकींनी माहेरी येण्याचा सण. सकाळी पितरांची घागर भरायची आणि दुपारी आमरस-मांडे जेवायचे. पारोळ्यात आमच्या गल्लीत झुंबरसारखा मांडा कोणाला येत नव्हता. मी नवरा आहे म्हणून सांगत नाही. लग्न ठरलं की लोक तिला विचारायला येत आणि नेण्यासाठी रिक्षा पाठवत. पुरण भरलेला गोळा आधी थोडा लाटायचा. मग तो दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर टाकत वाढवायचा. मनगटापासून तो कोपरापर्यंत येतो. इतका पातळ होतो की पलीकडची चूल दिसते. मग उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. बघणाऱ्याला वाटतं हे बोटांचं काम आहे. झुंबर सांगायची की हे दंडाचं आणि खांद्याचं काम आहे, बोटं नुसती सोबतीला असतात.

त्या दिवशी पहिला मांडा मधोमध फाटला. दुसरा राखेत पडला. तिसऱ्याला तिचे हात आपोआपच खाली आले, कोणी वरून दाबल्यासारखे. मांडा तिच्या मांडीवर पडला आणि ती त्याच्याकडे बघत बसली.

आमची एकुलती एक मुलगी रूपा बोदवडला दिली आहे. तिची सासू त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्याकडे आखाजीला आली होती. ती म्हणाली, "राहू द्या आता, विहीणबाई. हात गेला तुमचा. पोरीला करू द्या."

बाई वाईट नाही. पण हे ती सगळ्यांसमोर बोलली. झुंबर उठली आणि मोरीत हात धुवायला गेली. ती बराच वेळ हात धूत होती. उरलेल्या पुरणाच्या रूपानं तव्यावर साध्या पोळ्या केल्या आणि आम्ही सगळे जेवलो.

संध्याकाळी पाहुणे झोपाळ्यावर बसलेले असताना मी झुंबरचा दंड धरला. माझा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना लागलं. पूर्वी मध्ये चार बोटं जागा राहायची. मी तिला विचारलं, हे कधीपासून. ती म्हणाली की पोलक्याच्या बाह्या दोनदा आत घेतल्या, पण लुगडं कमरेला तोकडं पडतंय, म्हणून तिला वाटलं आपण जाड होतोय.

मी बाजार समितीत मापाडी होतो. शेतकऱ्याचा माल तोलायचा आणि आकडा सांगायचा, हे काम मी छत्तीस वर्षं केलं. झुंबर डबा घेऊन आली की कधीतरी गमतीनं मी तिला काट्यावर उभं करायचो. ती एकसष्ट किलो भरायची. पंधरा वर्षं तिचं वजन एकसष्टच. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला समितीत घेऊन गेलो. नव्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम.

मला हायसं वाटलं. मी तिला सांगितलं, काही झालेलं नाही, काटा खोटं बोलत नाही. ती काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "मंग मन्हा मांडा कसा पडना?"

रूपानं माझं ऐकलं नाही. ती बोदवडला परत जायच्या आधी आम्हा दोघांना घेऊन धुळ्याला गेली. तिथल्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली आणि आम्हाला तिघांना खुर्च्यांवर बसवून सांगितलं. अंडाशयात गाठ होती आणि पोटात पाणी भरलं होतं. तपासणीसाठी जळगावला जायला सांगितलं. जळगावच्या दवाखान्यात सुई घालून पाणी काढलं. बाटल्या भरत गेल्या. त्यानंतर त्यांच्या काट्यावर झुंबर त्रेपन्न किलो भरली.

म्हणजे आठ किलो पाणी होतं. तेवढंच मांस अंगातून गेलं होतं आणि दोन्हीची बेरीज एकसष्ट येत होती. शेतकरी कधी कापसाला पाणी मारून आणतो. छत्तीस वर्षांत असा कापूस मी हात घालून ओळखला. घरातलं मला ओळखता आलं नाही.

ठरलं असं की आधी तीन वेळा सलाइनमधून औषध द्यायचं, तीन-तीन आठवड्यांनी. गाठ लहान झाली की ऑपरेशन करायचं. तोवर पेशंटनं अंग धरलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. अंग धरणं म्हणजे वजन वाढणं, असं मी समजलो. दुसरं काही मला समजण्यासारखंच नव्हतं.

मी कामाला लागलो. डिंकाचे आणि मेथीचे लाडू शेजारच्या भिकुबाईकडून करून घेतले, तूप सढळ हातानं घालायला सांगून. रोज सकाळी दोन, संध्याकाळी दोन. झुंबरला कामाला हात लावू द्यायचा नाही असा नियम केला. पाण्याचा ग्लासही मीच तिच्या हातात द्यायचो. भांडी घासायला बाई लावली. झुंबर अंगणात खाटेवर बसून राहायची. भिकुबाईची बकरी आमच्या अंगणातच बांधलेली असायची, तेवढीच तिला सोबत.

आमची भांडणं याच काळात झाली. तीस वर्षांत झाली नसतील इतकी. ती म्हणायची, घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. मी म्हणायचो, तू मनावर घेत नाहीस. एकदा मी ताटासमोर बसून राहिलो, ती खाईपर्यंत उठणार नाही म्हणून. ती भाकरीकडे बघून रडायला लागली. मी तरी उठलो नाही. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

पण लाडूंची वाटी मात्र रोज रिकामी असायची आणि दर रविवारी मी तिला समितीत नेऊन तोलायचो. त्रेपन्न. मग चोपन्न, छप्पन्न. अठ्ठावन्न. तिसऱ्या सलाइननंतरच्या रविवारी काट्यानं एकसष्ट दाखवलं.

मी पेढे आणले. समितीत सगळ्यांना वाटले, हमालांना, अडत्यांना, चहावाल्याला. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेला उखर्डू हमाल म्हणाला, "नाना, वहिनीले आते पोत्यासंगे थप्पीवर ठेवा, भाव वाढना की काढू." सगळे हसले, मीही हसलो. झुंबर काट्याजवळच्या बाकावर बसून होती. तिला बाकावरून उठायला माझा हात लागला, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण काट्यावरचा आकडा डोळ्यांसमोर होता.

मंगळवारी जळगावला गेलो. ऑपरेशनची तारीख मिळेल असं धरून मी उरलेले पेढे सोबत नेले होते. डॉक्टरांनी स्कॅन बघितला. गाठ लहान झाली आहे, औषध लागू पडतंय, असं म्हणाले. मग त्यांनी झुंबरच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी आम्हाला आहार बघणाऱ्या सुलक्षणा मॅडमकडे पाठवलं.

सुलक्षणा मॅडम तिशीच्या. त्यांनी पेढे घेतले, टेबलावर ठेवले आणि झुंबरला हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवायला सांगितलं. झुंबर एकदा उठली. दुसऱ्यांदा अर्धी उठली आणि परत बसली. मग त्यांनी एक मुठीचं यंत्र तिच्या हातात दिलं आणि जोरात दाबायला सांगितलं. काटा अकरा किलोवर थांबला. मी आयुष्यभर माल तोलला, पण माणसाची पकडही किलोत तोलतात हे मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी टेपनं दंड मोजला. वीस सेंटीमीटर.

मी म्हणालो, पण मॅडम, वजन तर वाढलंय. रोज चार लाडू खातेय ती.

झुंबर खाली बघत होती. मग ती म्हणाली, "लाडू बकरीनी खादात, रूपाना बाप. मी नही खादात."

मॅडमना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. झुंबर पुढे म्हणाली, "तिलेच चढावा काटावर. तिन्हं वजन नक्की वाढनं व्हई."

मॅडम हसू दाबायचा प्रयत्न करत होत्या, तो जमला नाही. मग झुंबरही हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, मग वजन कशाचं वाढलं? मॅडमनी सांगितलं, पाण्याचं. या वेळी पोटात कमी, पायांत जास्त. रक्तातलं प्रोटीन इतकं कमी झालंय की पाणी रक्तातून झिरपून अंगात साठतंय. त्याखाली मांस कमीच होत चाललंय.

मग त्यांनी मला एका कागदावर आकृती काढून समजावलं. मला जे समजलं ते असं. साधा माणूस उपाशी राहिला तर शरीर आधी चरबी वापरतं, मांस जपून ठेवतं. गाठ असलेल्या माणसाचं तसं होत नाही. गाठीमुळे अंगात सारखी एक आग असते. ती स्नायूंना सांगते, मोडा. मेंदूला सांगते, भूक नको. शिवाय गाठ साखर अर्धवटच जाळते आणि उरलेलं यकृताकडे पाठवते. यकृत शक्ती खर्चून त्याची पुन्हा साखर करतं. ती पुन्हा गाठीकडे जाते. पारोळ्याहून भरलेला ट्रक धुळ्याला जावा, माल न उतरवता परत यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावा, तसं हे आहे. माल काही कोणाला मिळत नाही, डिझेल मात्र जळतं. ते डिझेल झुंबरच्या दंडातून येत होतं.

"म्हणजे ती खात नाही म्हणून वाळली असं नाही?" मी विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "त्या मनावर घेत नाहीत असंही नाही. हे त्यांच्या मनाच्या हातात नाही, काका. आणि आणखी एक. दोन महिने तुम्ही त्यांना ग्लास उचलू दिला नाही ना? न वापरलेलं मांस शरीर सगळ्यात आधी मोडतं."

मला ताटासमोरचा तो दिवस आठवला.

डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. आणखी एक सलाइन द्यायचं आणि तोवर अंगात ताकद आणायची. मॅडमनी सांगितलं की सगळं गेलेलं परत येईल असं वचन त्या देत नाहीत. पण औषधानं आग कमी होतेय, म्हणजे आता खाल्लेलं अंगी लागू शकतं. हीच वेळ आहे. त्यांनी झुंबरला एक मऊ रबरी बॉल दिला, दिवसातून तीन वेळा दाबायला. आणि विचारलं की तुम्हाला बऱ्या झाल्यावर काय करायचंय?

झुंबर म्हणाली, "मांडे." मॅडमना मांडे माहीत नव्हते, त्या विदर्भातल्या. झुंबरनं दोन्ही हात पुढे करून दाखवलं, गोळा कसा फिरतो ते. हात लगेच थकून खाली आले. मॅडम बघत होत्या. झुंबरनं त्यांना शब्द दिला की आखाजीला मांडा करीन आणि पहिला तुम्हाला खाऊ घालीन. बॉल तिनं टेबलावर परत ठेवला. "बॉल कसाले? घरमा कणिक शे."

परतीच्या वाटेवर एरंडोलला बस थांबली तेव्हा ती म्हणाली, विहीणबाईनी सांगितलं तसं माझा हात गेला नाही. "हात नही गया. मांस गयं. हात आठेच शे." आणि तिनं हात माझ्यासमोर धरला. त्या दिवसापासून मी तिला समितीच्या काट्यावर उभं केलं नाही.

माळ्यावर माझी जुनी लोखंडी वजनं होती. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर समितीनं ती मोडीत काढली, तेव्हा मी एक संच घरी आणला होता. दुसऱ्या दिवशी मी ती खाली काढून रॉकेलनं पुसली. पाव किलोपासून सुरुवात केली. झुंबर खाटेवर ताठ बसून एका हातानं वजन खांद्यापर्यंत उचलायची, दहा वेळा. मग दुसऱ्या हातानं. पहिल्या दिवशी पाव किलोचं वजन सहाव्यांदा तिच्या हातून निसटून माझ्या पायावर पडलं. ती म्हणाली, लाडवाचा हिशेब चुकता झाला.

खुर्चीवरून उठणं सकाळ-संध्याकाळ. अंगणात फेऱ्या, आधी तीन, मग दहा. भांडीवाली बाई मी बंद केली नाही, पण कणिक मात्र झुंबरच मळायची. मांड्याची कणिक पोळीसारखी नसते. गव्हाचं बारीक चाळलेलं पीठ, मिठाचं पाणी आणि तेल घालून, आपटून आपटून, ओढून ओढून मळावी लागते, रबरासारखी होईपर्यंत. ती रोज मूठभर कणिक घेऊन बसायची. आपटायची, ओढायची. मग मी त्याच्याच पोळ्या लाटायचो. कसल्या व्हायच्या ते विचारू नका.

खाणं मॅडमनी लिहून दिलं होतं. दर दोन तासांनी थोडं. ताट समोर ठेवायचं नाही, वाटी ठेवायची. आग्रह करायचा नाही. अंडं ती खात नव्हती, मग दह्यात दुधाची भुकटी घातली, शेंगदाण्याचा कूट ताकात, मुगाचं धिरडं, घरचं पनीर. तोंड आलेलं असायचं तेव्हा सगळं गार आणि बिनतिखटाचं. आणि कळण्याची भाकरी, उडीद आणि ज्वारीची. आमच्याकडे ती गरिबीची भाकरी म्हणायचे. मॅडमनी सांगितलं की तुमच्या घरातली ही सगळ्यात ताकदीची वस्तू आहे. झुंबर ती दुधात कुस्करून खायची. कधी दोन घास, कधी अर्धी. मी बघायचो नाही. मी अंगणात जाऊन बकरीजवळ बसायचो. बकरी लाडवांची वाट बघायची.

सरळ वाढ झाली असं नाही. सलाइननंतरचा आठवडा सगळा गेला. अर्धा किलो उचलू लागलेली झुंबर पुन्हा पाववर आली. एकदा ती चिडून म्हणाली की हे वजन तुमच्या समितीतच ठेवून यायला हवं होतं. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा खाटेवर ताठ बसली. रूपा महिन्यातून दोनदा बोदवडहून यायची. ती आली की आईचा दंड टेपनं मोजायची. टेप मॅडमनीच दिला होता. वीस. साडेवीस. पुन्हा वीस. एकवीस.

पुढच्या वेळी मुठीच्या यंत्रानं चौदा दाखवलं. झुंबर खुर्चीवरून पाचही वेळा उठली. पाचव्या वेळी उठून ती बसलीच नाही, तशीच उभी राहिली, डॉक्टर काय म्हणतात ते उभ्यानं ऐकत. डॉक्टरांनी कॅलेंडर काढलं.

ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं. पाच तास लागले. सगळी गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी नर्सबाई तिला आधार देऊन उठवायला आल्या. तिनं त्यांना हातानंच थांबवलं, खाटेची दांडी धरली आणि स्वतः उठून बसली. टाके दुखत होते, तोंड वाकडं झालं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला मी सांगितलं की हे पाव किलोच्या वजनाचं काम आहे. तिला काही कळलं नाही.

त्यानंतर पुन्हा दोन सलाइन झाले. हिवाळ्यात तिला भूक लागायला लागली. एका सकाळी तिनं स्वतःहून वांग्याचं भरीत मागितलं. मी मळ्यातली हिरवी वांगी आणायला इतक्या घाईनं गेलो की चपला वेगवेगळ्या घातल्या. माघात ती एक किलो उचलत होती. फाल्गुनात दोन. एका दुपारी उखर्डू भेटायला आला तेव्हा ती दोन किलोचं वजन घेऊन बसली होती. तो म्हणाला, नाना, आता मापाडीचा बिल्ला वहिनीला द्या. ती म्हणाली, मला नको, मी पाणी तोलत नाही.

आखाजी जवळ आली. सुलक्षणा मॅडमना फोन केला. त्यांना त्या आठवड्यात सुट्टी मिळत नव्हती. त्या म्हणाल्या, पहिला मांडा कोणालाही द्या, माझा उधार ठेवा. पण मोजून पाचच करायचे, सहावा नाही. झुंबर हो म्हणाली.

रूपा दोन दिवस आधी आली. बोदवडची विहीणही आली, सोबत वीस माणसं. या वेळी गल्लीतल्या बायकाही जमल्या, कारण भिकुबाईनं सगळीकडे सांगितलं होतं. मी सकाळी घागर भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, पितरांना नैवेद्याचा शब्द दिला. मग चूल पेटवली आणि खापर उलटं घातलं. रूपा म्हणाली, आई, पहिला मी करते, तू बघ. झुंबरनं तिला बाजूला सरकवलं. "उठ. मी करस."

तिनं पुरण भरून गोळा लाटला आणि हातांवर घेतला. मी चुलीच्या पलीकडे बसलो होतो. मांडा उजव्या हातावरून डाव्या हातावर गेला, परत आला. मनगट ओलांडलं. मग तिचे दंड दिसले, पोलक्याच्या बाहीखाली, आणि त्यांत मांस हललेलं मला दिसलं. जुना दंड नव्हता तो. साडेतेवीस सेंटीमीटर होता. पण दंड होता. मांडा कोपरापर्यंत आला आणि त्यातून मला चुलीचा जाळ दिसला. तिनं तो खापरावर टाकला. कुठेही फाटला नाही.

पहिला पितरांना ठेवला. दुसरा तिनं स्वतः उठून विहीणबाईच्या ताटात घातला, वर आमरस वाढला. विहीणबाईनी खाल्ला. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. झुंबरनं विचारलं, "आखो एक?" विहीणबाईनी मान हलवली आणि ताट पुढे केलं. असं चार वेळा झालं. चौथ्याला विहीणबाई म्हणाल्या, "विहीणबाई, मागल्या वर्षी मी बोलले ते मागे घेते." झुंबर म्हणाली, मागे घेऊ नका, त्या बोलण्यानंच हात परत आला, नाहीतर मी लाडू खात बसले असते. भिकुबाई ओट्यावरून म्हणाली की लाडू खात बसली होती ती माझी बकरी. अंगण हसलं.

झुंबरनं त्या दिवशी अकरा मांडे केले. पाचव्यानंतर मी दोनदा मॅडमचं नाव घेतलं. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. अकराव्यानंतर तिनं स्वतःच हात खाली ठेवले, पदरानं कपाळ पुसलं आणि उरलेला गोळा रूपाच्या हातात दिला. रूपाचा मांडा फाटला. झुंबरनं तिचे दंड दाबून बघितले आणि म्हणाली, हिला दोन किलोचं वजन द्या.

त्या रात्री तिला इतकी झोप लागली की मी दोनदा श्वास बघितला.

तो उन्हाळा आणि पावसाळा आमचा चांगला गेला. ती गल्लीतल्या दोन लग्नांना गेली. रिक्षा आली होती न्यायला. आश्विनात पोटात पुन्हा पाणी आलं. औषध बदललं, पण या वेळी ते लागू पडलं नाही आणि आग विझली नाही. दंड पुन्हा गेले, पंधरा दिवसांत. या वेळी मी तिच्यासमोर ताट घेऊन बसलो नाही. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं की आता मोजायचं नाही, तिला आवडेल ते आवडेल तेवढं द्यायचं. तिला भरताचा वास आवडायचा, खाणं जमत नव्हतं. म्हणून मी वांगी भाजायचो आणि तिच्याजवळ आणून ठेवायचो. पौषात ती गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं माझा हात धरला तेव्हा तिची पकड मला कळत होती. किती किलो ते मी सांगू शकत नाही.

लोक मला म्हणतात, शेवटी रोगच जिंकला, नाना. मी वाद घालत नाही. पण मी मापाडी आहे आणि मला जे दिसलं ते मी सांगतो. त्या रोगानं तिचे हात एकदा पूर्ण घेतले होते आणि तिनं ते पाव पाव किलोनं परत आणले. अकरा मांडे वीस माणसांनी खाल्ले आहेत. ते कोणी परत घेऊ शकत नाही.

या आखाजीला घागर तिच्या नावानं भरली. नैवेद्याचे मांडे रूपानं केले, पाचातले तीन अखंड आले. रूपा परत गेल्यापासून मी रोज सकाळी दोन किलोचं वजन उचलतो आणि मूठभर कणिक मळतो. रूपा हसते फोनवर. माझा मांडा मनगट ओलांडतो आणि कोपराआधी फाटतो.

सुलक्षणा मॅडमचा टेप कपाटात आहे. तो परत करायला जाईन तेव्हा डब्यात मांडाही न्यायचा आहे. झुंबरनं शब्द दिला होता. तो मांडा अजून त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नाही.